मोकळ्या हवेतील वाट सर्वांसाठी

पाऊस ओसरू लागला की महाराष्ट्रातील माणसाची पावले आपसूक घराबाहेर वळतात. श्रावणात सह्याद्रीचे कडे हिरवेगार होतात आणि गडकिल्ल्यांच्या वाटा माणसांनी गजबजतात. दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात, तर उन्हाळ्याच्या सुटीत कोकणचे किनारे आणि थंड हवेची ठिकाणे फुलून जातात. ज्यांना दूर जाणे परवडत नाही, त्यांच्यासाठी गावातील तळ्याचा काठ, नगरपालिकेची बाग किंवा मुंबईची चौपाटी आहेच. मोकळ्या हवेतील हा आनंद विनामूल्य आहे आणि तो सर्वांचा आहे, असे आपण गृहीत धरतो.

या आनंदात घरातील एखादी व्यक्ती मात्र पुन्हा पुन्हा मागे राहते. कुणाचे पाय पोलिओने अधू झालेले असतात, कुणाची दृष्टी गेलेली असते, कुणाचे मूल मतिमंदत्व घेऊन जन्माला आलेले असते. ‘तुम्हाला उगाच त्रास नको’ असे मायेने सांगून त्यांना घरी ठेवले जाते. बरोबर नेलेच, तर गडाच्या पायथ्याशी गाडीत बसून इतरांच्या पिशव्या आणि चपला सांभाळण्याचे काम त्यांच्या वाट्याला येते. यात कुणाचा दुष्टावा नसतो. वाटच अशी बांधलेली असते, की तिच्यावरून त्यांना जाता येत नाही.

अशा व्यक्तींची संख्या थोडी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. ही गणना झाली तेव्हा कायद्याने मान्य केलेले दिव्यांगत्वाचे प्रकार आजच्यापेक्षा कमी होते. शिवाय गुडघे धरलेले वृद्ध, गर्भवती स्त्रिया, लहान मुलांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या माता आणि अपघातातून उठलेले रुग्ण यांनाही त्याच पायऱ्या अडवतात. म्हणून हा प्रश्न मूठभरांच्या सोयीचा नाही, तो प्रत्येक घराचा आहे.

करमणूक ही चैन नव्हे

दिव्यांग व्यक्तीला प्रथम औषधोपचार, शिक्षण आणि रोजगार मिळाला पाहिजे, हे खरेच. पण म्हणून फिरणे आणि खेळणे या गोष्टी यादीच्या शेवटी टाकण्याची प्रथा पडली. वैद्यकाचा इतिहास निराळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे एक उपचार केंद्र सुरू झाले. डॉ. लुडविग गुटमन हे त्याचे प्रमुख होते. अशा रुग्णांनी अंथरुणाला खिळून दिवस मोजायचे, अशी त्या काळची समजूत होती. गुटमन यांनी त्यांना मैदानात आणले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीवरील १६ स्पर्धकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पुढे जगभर रुजलेल्या पॅरालिंपिक चळवळीचे मूळ त्या हिरवळीवर आहे.

या चळवळीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यानंतर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

पराक्रमाची अशी उदाहरणे आणखीही आहेत. अमेरिकेतील अंध गिर्यारोहक एरिक वेहेनमायर यांनी २००१ मध्ये एव्हरेस्ट सर केले. एक पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा यांनी २०१३ मध्ये तेच शिखर गाठले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण एव्हरेस्टवर जाणाऱ्या एकाचा गौरव करताना, संध्याकाळी तळ्याकाठी बसून चार घटका वारा खावा एवढीच इच्छा असलेल्या हजारोंचा विसर पडू नये. सुगमतेची कसोटी शिखरावर लागत नाही, ती बागेच्या फाटकाशी लागते.

कायद्याने दिलेला हक्क

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. ‘संपूर्ण सहभाग आणि समानता’ हे त्या वर्षाचे सूत्र होते. आपल्या देशात १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष अधिनियम झाला. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यास अनुसमर्थन दिले. या कराराचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत आणि क्रीडा यांतील सहभागासंबंधी आहे.

या कराराला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. या अधिनियमातील तीन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम १६ नुसार शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. कलम २९ मध्ये मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रमांतील सहभाग सुकर करण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्यावर टाकलेली आहे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत फुरसत आणि करमणुकीच्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती मुदत २०२२ मध्ये उलटून गेली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवर दिलेला निकाल याच संदर्भात वाचला पाहिजे. सुगमतेची मानके नियमांमध्ये निव्वळ मार्गदर्शक सूचनांच्या स्वरूपात असणे हे मूळ कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि कोणत्याही परिस्थितीत पाळावयाची किमान मानके निश्चित करण्यास केंद्र शासनास सांगितले. रॅम्प बांधणे हा आता औदार्याचा विषय राहिलेला नाही.

साखळीची एक कडी

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रॅम्प दिसतात, तरीही त्यांवरून जाणारी माणसे दिसत नाहीत. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सहल ही एक साखळी असते. घराचा उंबरठा, रस्ता, बस किंवा रेल्वे, प्रवेशद्वार, आतील वाट, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, बसण्याची जागा आणि परतीचा प्रवास या तिच्या कड्या होत. यांतील एक कडी तुटली की बाकीच्या आठ कड्यांवर झालेला खर्च वाया जातो.

आपल्या एस.टी. महामंडळाचे उदाहरण घ्यावे. दिव्यांग प्रवाशांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ती अनेकांना आधार ठरली आहे. परंतु नेहमीच्या बसची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते, की स्वस्त तिकीट हाती असूनही दोघांनी उचलल्याशिवाय चढता येत नाही. मुंबईजवळच्या घारापुरीचा प्रवास असाच आहे. १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या लेण्यांकडे जाताना धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, ही मोठीच सोय. पण त्यापूर्वी लाटांवर हलणाऱ्या लाँचमध्ये पाऊल टाकावे लागते आणि त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात.

रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग सुरू आहे. हजारांहून अधिक पायऱ्यांची चढण त्यामुळे काही मिनिटांवर आली आणि असंख्य वृद्ध स्त्रीपुरुषांना महाराजांच्या समाधीचे दर्शन घडले. मात्र वरच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर पुन्हा पायऱ्या आणि दगडी चढउतार आहेत. चाकांची खुर्ची तेथे अडते. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली. अशा प्रत्येक यंत्राची उपयुक्तता त्याच्या शेवटच्या शंभर पावलांवर ठरते. मोठ्या खर्चाची कडी आधी जोडली जाते आणि किरकोळ वाटणारी कडी राहून जाते, हा अनुभव सर्वत्र येतो.

डोली आणि मान

अजिंठ्याच्या लेण्यांत किंवा घारापुरीत चढणे शक्य नसलेल्यांसाठी डोलीची सोय आहे. माणसे खांद्यावर खुर्ची घेऊन प्रवाशाला वर पोहोचवतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवस्थेने अनेकांना ते अद्वितीय शिल्प आणि चित्रे दाखवली, आणि स्थानिक कुटुंबांना उपजीविका दिली. तिचे ऋण नाकारता येत नाही.

तरीही डोलीत बसणाऱ्याच्या मनाचा विचार व्हावयास हवा. कुठे थांबावे, एखाद्या चित्रासमोर किती वेळ रेंगाळावे, केव्हा परतावे, हे त्याला ठरवता येत नाही. वर चढवले जाणे आणि वर जाणे यांत फरक आहे. ज्याला रोज अंघोळीपासून अंथरुणापर्यंत दुसऱ्याच्या हाताची गरज पडते, त्याला निदान बागेत तरी आपल्या हाताने चाक फिरवीत, आपल्या गतीने जावेसे वाटते. स्वातंत्र्याची ती एक घटका त्याच्या लेखी साऱ्या सहलीइतकी मोलाची असते.

माथेरानने हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवला. मोटारींना बंदी असल्याने तेथील हवा शुद्ध आणि वाटा शांत राहिल्या. १९०७ पासून नेरळहून छोटी रेल्वे धावू लागली. पण गावात फिरण्यासाठी घोडा किंवा माणसांनी ओढावयाची रिक्षा हीच साधने होती. बसणाऱ्याला संकोच आणि ओढणाऱ्याला छातीफोड श्रम, असा तो व्यवहार होता. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. पर्यावरण, श्रमिकाची प्रतिष्ठा आणि दिव्यांगाची सोय या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात असल्याच पाहिजेत असे नाही, हे यातून दिसते.

उताराचे गणित

सुगमतेसाठी फार मोठ्या तंत्रज्ञानाची आवश्यकता असते, हा एक गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी फूटपट्टी आणि थोडे अंकगणित पुरते. रॅम्पचे मूळ प्रमाण १ : १२ हे आहे. म्हणजे १ सेंटिमीटर उंची चढण्यासाठी निदान १२ सेंटिमीटर लांबी हवी. १५ सेंटिमीटरच्या चार पायऱ्यांची उंची ६० सेंटिमीटर होते. तेथे ७ मीटर २० सेंटिमीटर लांबीचा उतार लागेल. पुष्कळदा दोन मीटरमध्येच काँक्रीटची घसरगुंडी ओतून काम पुरे झाल्याची नोंद केली जाते. असा उतार चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना आवरत नाही. तो नसलेला बरा.

रॅम्पची रुंदी किमान १२० सेंटिमीटर असावी, दोन्ही बाजूंना कठडे असावेत आणि पृष्ठभाग पावसातही न निसरडणारा असावा. सुमारे ९ मीटर चढल्यावर दम घेण्यासाठी सपाट जागा हवी. खुर्ची पूर्ण वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. स्वच्छतागृहात नेमके तेच विसरले जाते आणि दरवाजावर खुर्चीचे चित्र रंगवलेले असूनही आत गेलेल्याला दार लावून घेता येत नाही.

या गणिताला मर्यादाही आहेत. घारापुरीच्या १२० पायऱ्यांची उंची प्रत्येकी १५ सेंटिमीटर धरली तरी १८ मीटरची चढण होते. तिच्यासाठी २१६ मीटर लांबीचा उतार आणि मध्ये विसाव्याच्या वीसहून अधिक जागा लागतील. हाताने चाके फिरवणाऱ्यास ती चढण झेपणार नाही. अशा ठिकाणी उद्वाहक किंवा रुळावरील ट्रॉली यांचाच विचार करावा लागेल. कुठे रॅम्प पुरेल आणि कुठे यंत्र लागेल, याचा निर्णय मोजमाप करूनच घ्यावा.

शहरांतील उद्यानांत एक विशेष अडचण आढळते. दुचाकी वाहने आत शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वारावर लोखंडी फिरते दार किंवा नागमोडी अडसर बसवलेला असतो. त्याने दुचाकी अडते आणि तिच्याबरोबर चाकांची खुर्चीही अडते. शेजारी ९० सेंटिमीटर रुंदीचे छोटे फाटक ठेवून ते उघडण्याची जबाबदारी रखवालदारावर सोपवली, तर प्रश्न सुटतो. यासाठी स्वतंत्र योजनेची गरज नाही.

वाळू आणि लाकडी वाट

समुद्रकिनारा हा सपाट असूनही चाकांच्या खुर्चीला सर्वांत दुर्गम असतो, कारण कोरड्या वाळूत चाक रुतते. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे १ कोटी १४ लाख रुपये खर्चून २६३ मीटर लांबीची कायम लाकडी वाट खुली करण्यात आली. तत्पूर्वी डिसेंबर महिन्यात दिव्यांग दिनाच्या सुमारास तेथे काही दिवसांपुरती तात्पुरती सोय केली जात असे. समुद्राच्या इतक्या जवळ आयुष्यात प्रथमच जाता आल्याचा आनंद त्या कायम वाटेने अनेकांना दिला.

या वाटेची दुसरी कथाही बोधप्रद आहे. ती खुली होऊन पंधरवडाही झाला नाही तोच मंदौस चक्रीवादळाने तिचा समुद्राकडील भाग उखडला. पुढे ती दुरुस्त करण्यात आली. कोकणच्या किनाऱ्यावर असे काही उभारताना भरतीची रेषा, मोसमी लाटांचा मारा आणि दरवर्षीच्या दुरुस्तीची तरतूद यांचा विचार आधीच करावा लागेल. पावसाळ्यापूर्वी गुंडाळून ठेवता येणारे चटईवजा मार्ग आणि रुंद, फुगीर चाकांच्या खुर्च्या हा त्यावरील एक पर्याय आहे. उद्घाटनासाठी निधी मिळतो आणि खिळे-फळ्यांसाठी मिळत नाही, हे सार्वजनिक कामांतील जुने दुखणे आहे. येथे तुटलेली फळी म्हणजे बंद झालेली वाट, हे लक्षात ठेवले पाहिजे.

वारसा जपून वाट

किल्ले आणि लेणी यांच्या बाबतीत एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ऐतिहासिक वास्तूंना काँक्रीटचे उतार जोडले तर त्यांचे मूळ रूप बिघडेल, असा तो आक्षेप आहे. तो पोकळ नाही. पण त्याला उत्तर आहे. जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईतील परिषदेनंतर ते दिल्लीला गेले. त्यांच्या भेटीसाठी कुतुबमिनार, जंतरमंतर यांसह दिल्लीतील चार स्मारकांवर लाकडी रॅम्प बसवण्यात आले. एकाही प्राचीन दगडाला धक्का लागला नाही. वर्षानुवर्षे अशक्य म्हटले जाणारे काम एका पाहुण्यासाठी थोड्या अवधीत झाले, ही गोष्ट दिव्यांगांच्या संघटनांनी तेव्हाच दाखवून दिली. जे एका थोर पाहुण्यासाठी शक्य होते, ते गावच्या सामान्य माणसासाठीही शक्य असले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूरचनेतील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत. हे सर्व किल्ले एका मापाने मोजता येणार नाहीत. पन्हाळ्यावर मोटार थेट जाते आणि तेथील बराचसा परिसर थोड्या प्रयत्नांनी सुगम होऊ शकेल. रायगडावर रज्जुमार्ग आहे, तेथे वरच्या वाटांचा प्रश्न सोडवावयाचा आहे. सिंधुदुर्गास होडीने जावे लागते, तेथे प्रश्न धक्क्याचा आहे. साल्हेरची चढण मात्र धडधाकट माणसाचीही परीक्षा पाहते. तेथे डोंगर कापून रस्ता करावा असे कुणीही म्हणणार नाही. अशा गडाच्या पायथ्याशी हाताने चाचपून पाहता येईल अशी त्याची प्रतिकृती ठेवली, ब्रेल लिपीत आणि मोठ्या अक्षरांत माहिती दिली, उत्तम देखावा दिसेल अशी सपाट जागा राखली, तर गडाचे काही दर्शन तेथूनही घडेल.

डोळे, कान आणि मन

सुगमता म्हणजे चाकांची खुर्ची, असे समीकरण रूढ झाले आहे. ते अपुरे आहे. अंध व्यक्तीला पायऱ्या अडवत नाहीत, तिला उघडे गटार, वाटेत डोक्याइतक्या उंचीवर आलेली फांदी आणि मध्येच उभा केलेला फलक अडवतो. तिच्यासाठी पदपथावर उठावदार फरश्या बसवतात. उभ्या रेषांची फरशी ‘पुढे चला’ असे सांगते आणि ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे वळण, पायरी किंवा धोका आहे’ असे सांगते. ही पावलांनी वाचावयाची लिपी आहे. तिच्यावर फेरीवाल्याची गाडी किंवा दुचाकी उभी राहिली की ती पुसली जाते.

बाग ही डोळ्यांनीच पाहावी असाही नियम नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ मध्ये खास सुगंधी बाग तयार करण्यात आली. तेथील वाफे कमरेइतके उंच आहेत, त्यामुळे खुर्चीत बसलेल्याचा हात सहज पोहोचतो आणि अंध व्यक्तीला पाने कुस्करून वास घेता येतो. आपल्याकडे तर अशा बागेसाठी परदेशी रोपांची गरजच नाही. तुळस, मरवा, सब्जा, गवती चहा, कढीपत्ता, मोगरा, निशिगंध आणि पारिजातक ही आपल्या परसातली झाडे आहेत. गावच्या बागेतील एक कोपरा त्यांच्यासाठी उंच वाफ्यांनी सजवला, तर तो सर्वांनाच आवडेल.

बहिऱ्या व्यक्तीला वाटाड्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिच्यासाठी लेखी माहिती आणि सांकेतिक भाषेतील ध्वनिचित्रफिती उपयोगी पडतात. स्वमग्न मुलांना गर्दी, कर्णे आणि चमकणारे दिवे असह्य होतात. उद्यानात त्यांच्यासाठी सकाळची शांत वेळ राखून ठेवली, एखादा निवांत कोपरा ठेवला, तर त्यांच्या पालकांना लोकांच्या नजरा चुकवत परतावे लागणार नाही. या सोयींना खर्च थोडा आणि समज अधिक लागते.

खरी माहिती, स्वतःचा निर्णय

सर्वांत स्वस्त सोय कोणती असेल, तर ती म्हणजे खरी माहिती. पर्यटनस्थळाच्या पत्रकात निसर्गाचे वर्णन असते, पण पायऱ्या किती, वाट मुरमाची की फरसबंद, सुगम स्वच्छतागृह कुठे, वाहन कुठपर्यंत जाते, हे नसते. प्रवासाला निघणाऱ्या दिव्यांग कुटुंबाला नेमके हेच हवे असते. प्रत्येक स्थळाच्या फलकावर ‘स्वतः जाता येईल’, ‘मदतीने जाता येईल’ आणि ‘चढण कठीण आहे’ अशी तीन प्रकारची नोंद, अंतर आणि पायऱ्यांच्या आकड्यासह केली, तर बराच मनस्ताप वाचेल.

या माहितीने निर्णय संबंधित व्यक्तीच्या हाती येतो, हा तिचा मोठा लाभ. धोका पत्करून चढावे की पायथ्याशी थांबावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान माणसाला असतो. दिव्यांगांच्या बाबतीत तो रखवालदार, तिकीट देणारा किंवा नातेवाईक परस्पर वापरतो. ‘तुम्हाला जमणार नाही’ हे वाक्य अनेकदा काळजीने उच्चारले जाते, पण ते वाटेतला सर्वांत उंच अडथळा ठरते.

गाव, शाळा आणि आपण

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, अशी तरतूदही आहे. ग्रामपंचायतीचे मैदान, देवळापुढचे पटांगण, तळ्याचा घाट आणि नगरपालिकेची बाग या ठिकाणी सुगमतेचे काम गावपातळीवर ठरू शकते. ते ठरवताना एक पथ्य पाळावे. आराखडा कागदावर पुरा होण्यापूर्वी गावातील एक अंध व्यक्ती, एक खुर्ची वापरणारी व्यक्ती आणि एक वृद्धा यांना बरोबर घेऊन ती जागा चालून पाहावी. अभियंत्याच्या नजरेतून सुटलेली दोन बोटांची पायरी त्यांच्याकडून सुटत नाही.

शाळांची जबाबदारी तर अधिकच मोठी आहे. सहलीचे ठिकाण आधी ठरते आणि मग वर्गातील दिव्यांग मुलाला ‘तू येऊ नकोस’ असे सांगितले जाते. हा क्रम उलटा व्हावा. वर्गातील सर्व मुलांना जाता येईल असे ठिकाण आधी शोधावे आणि सहल तेथे न्यावी. गड चढावयाचाच असेल, तर कोण कोणाला कशी मदत करील याची तालीम मुलांकडूनच करून घ्यावी. मित्राची खुर्ची उतारावरून कशी धरावी, अंध मैत्रिणीला आपला हात कसा द्यावा, हे शिकलेली मुले उद्याचे अभियंते, सरपंच आणि वाहक होणार आहेत.

एका सहलीला मुकलेले मूल त्या दिवशी केवळ एका धबधब्याला मुकत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात साऱ्यांच्या गप्पा रंगतात, तेव्हा ते गप्प बसते, आणि आपली जागा घरातच आहे हा धडा ते न शिकवता शिकते. पुढे नोकरीसाठी, मतदानासाठी, सभेसाठी घराबाहेर पडण्याचे धैर्य त्याच मनातून यावयाचे असते. म्हणून येत्या हंगामातील सहलींची आखणी सुरू होण्यापूर्वी शाळांनी वर्गातील पटावर, ग्रामपंचायतींनी आपल्या मैदानाच्या फाटकावर आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरात मागे राहणाऱ्या व्यक्तीवर एकदा नजर टाकावी. कामाला तेथूनच सुरुवात करता येईल.